ज्याला जसे ऐकू आले तसे यॉर्क

गावाच्या नावाविषयी बोलताना आपण ‘अपभ्रंश’ हा शब्द फार सहज वापरतो. मूळ नाव अमुक होते, लोकांच्या तोंडी त्याचे तमुक झाले, असे सांगताना त्या सांगण्यात नकळत एक हळहळ उतरते. मूळ ते शुद्ध, पुढचे ते बिघडलेले, असा निवाडा आपण न बोलता देऊन टाकलेला असतो. इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क या शहराच्या नावाचा इतिहास वाचू लागल्यापासून मला ही हळहळ अनाठायी वाटू लागली आहे. सुमारे दोन हजार वर्षांत हे नाव केल्टिक, लॅटिन, जुनी इंग्रजी, जुनी नॉर्स आणि नॉर्मन फ्रेंच अशा पाच भाषांच्या तोंडून गेले. त्या भाषा बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधीच्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी आपल्या कानाला जे ओळखीचे वाटले ते ऐकले आणि तसेच म्हटले. आजचे छोटेसे ‘यॉर्क’ हे त्या ऐकण्यातून घडलेले आहे, आणि माझ्या मते हे नाव टिकले तेही त्या ऐकण्यामुळेच.

ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमाजवळ, इ. स. ७१च्या सुमारास, रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने छावणी उभारली. त्या वेळी क्विंटस पेटिलियस सेरिअलिस हा ब्रिटनचा प्रांताधिपती होता आणि उत्तरेतील ब्रिगांटेस या बलाढ्य जमातीला वठणीवर आणणे हे त्याचे काम होते. छावणी सुमारे ५० एकरांची होती. आज तिच्या मध्यावर यॉर्क मिन्स्टर हे प्रचंड कॅथेड्रल उभे आहे, आणि स्टोनगेट व पीटरगेट हे गजबजलेले रस्ते बऱ्याच अंशी छावणीतील दोन मुख्य रस्त्यांच्याच रेषेवरून जातात. रोमनांनी दगड, वीट, रस्ते, स्नानगृहे हे सारे आपले आणले. नाव मात्र आणले नाही. तिथल्या ब्रिटन लोकांच्या तोंडी जे नाव होते, साधारण ‘एबुराकोन’ असे, त्यालाच त्यांनी लॅटिन वळण दिले आणि ‘एबोराकुम’ किंवा ‘एबुराकुम’ असे लिहायला सुरुवात केली. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या भाषेतील नाव ठेवून घ्यावे, ही गोष्ट मला पुन:पुन्हा विचार करण्याजोगी वाटते. वाट विचारायची तर ती स्थानिक माणसालाच विचारावी लागते, आणि तो जे नाव सांगतो तेच कामाचे असते.

या नावाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा यॉर्कमध्ये सापडलेलाच नाही. तो सापडला उत्तरेकडे, विंडोलांडा या रोमन ठाण्याच्या उत्खननात, आणि तो एका लाकडी पाटीवर आहे. या पाटीच्या खोलगट भागात मेण भरलेले असे आणि लोखंडी टोकाने त्यावर लिहीत. मेण केव्हाच नाहीसे झाले, पण लिहिणाऱ्याचा हात जड असल्यास टोक मेणापलीकडे खालच्या लाकडात रुतत असे, आणि तेवढे ओरखडे मागे राहत. इ. स. ९५ ते १०४ या काळातील अशाच एका पाटीवरील पत्त्यात ‘एबुराकी’ हा शब्द आहे, ‘एबुराकुम’चे विभक्तिरूप. म्हणजे हे नाव इतिहासात प्रथम भेटते ते कुठल्या सम्राटाच्या शिलालेखात नव्हे, तर कुणीतरी कुणाला तरी पाठवलेल्या पत्रात, व्याकरणाचा प्रत्यय लागून, रोजच्या वापरातले.

मग ‘एबुराकोन’ म्हणजे काय? बहुतेक भाषाभ्यासक त्याचा संबंध केल्टिक ‘एबुरोस’ या शब्दाशी जोडतात आणि त्याचा अर्थ यू हे झाड असा लावतात. शेवटचा ‘आकोन’ हा स्थळ किंवा मालकी दाखवणारा प्रत्यय. आपल्याकडील वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव ज्या रीतीने झाले, त्याच रीतीने यूची झाडे असलेली जागा ती एबुराकोन. दुसरे मत असे की एबुरोस हे माणसाचेही नाव असू शकते, आणि मग एबुराकोन म्हणजे एबुरोस नावाच्या कुणा जमीनदाराची जमीन. अडचण अशीही आहे की एकाच मुळातून आलेला शब्द भगिनीभाषांत एकाच वनस्पतीला चिकटून राहिलेला नाही: जुन्या आयरिशमध्ये तो यूसाठी आहे, तर फ्रान्सच्या ब्रेतान प्रांतातील ब्रेटन भाषेत वेगळ्याच एका झुडपासाठी. पुरावा दोन्हीकडे झुकवता येतो हे मान्य करूनही माझा कौल झाडाकडे जातो. युरोपभर विखुरलेल्या नावांच्या भावंडांकडे पाहिले की तो अधिकच पक्का होतो. फ्रान्समधील एव्ह्रो आणि आंब्रून, स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों यांच्या मुळाशी हाच ‘एबुर’ आहे, आणि पोर्तुगालमधील एव्होराच्या मुळाशीही बहुधा तोच. इतक्या दूरदूरच्या ठिकाणी एबुरोस नावाचे जमीनदार होते असे मानण्यापेक्षा, केल्टिक बोलणाऱ्या लोकांना हे झाड महत्त्वाचे वाटत होते असे मानणे मला सोपे जाते.

त्या महत्त्वाची एक साक्ष ज्युलियस सीझरने स्वत: लिहून ठेवलेली आहे. आजच्या बेल्जियमच्या परिसरात एबुरोनेस नावाची जमात राहत होती. तिच्या नावातही हेच मूळ ओळखले जाते. रोमनांविरुद्धचे बंड फसल्यावर, इ. स. पूर्व ५३मध्ये, त्या जमातीचा कातुव्होल्कस हा वृद्ध राजा पळण्याच्याही अवस्थेत राहिला नाही, आणि त्याने यूच्या विषाने प्राण दिला. जमातीचे नाव ज्या झाडावरून, त्याच झाडाचे विष राजाने घेतले. सीझरला नावातला हा धागा दिसला असावा असे त्याच्या लिहिण्यावरून वाटत नाही. तो एका वाक्यात घटना सांगतो आणि पुढे जातो.

हे झाड आपल्या ओळखीचे नाही. महाराष्ट्रात ते उगवत नाही. त्याचा भाऊबंद भेटतो तो हिमालयात, उत्तराखंडात थुनेर म्हणतात तो. इंग्लंडमध्ये यू पाहायचा तर जुन्या चर्चच्या आवारात जावे. बुंधा एकसंध नसतो, अनेक खोडे एकमेकांत मिसळून गेल्यासारखा असतो, आणि साल तांबूस, पापुद्र्यांनी सुटणारी. पाने म्हणजे चपट्या, काळपट हिरव्या सुया. त्यांच्या खाली सावली इतकी दाट की गवत क्वचितच उगवते. शरद ऋतूत फांद्यांवर लालबुंद, मेणचट गर धरतो, एका बाजूला उघडा, आणि आत गडद रंगाची बी दिसते. या झाडाचा फक्त तो गर विषारी नाही. बी, पान, साल, सारे घातक. थ्रश पक्षी गर खातात आणि बी न फोडता पुढे टाकतात. लाकडाचा गाभा दाब सोसणारा आणि त्याबाहेरचा थर ताण सोसणारा असल्याने इंग्रजांची उंच धनुष्ये याच लाकडाची होत. झाड फार सावकाश वाढते आणि फार काळ जगते. त्याच्याजवळ उभे राहिल्यावर, एखाद्या वस्तीला याच झाडाची खूण का मिळावी, हे वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

रोमन काळात हे नाव मोठ्या माणसांच्या मरणाशी आणि उदयाशी जोडले गेले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस २११मध्ये इथे मरण पावला. कॉन्स्टँटियस क्लोरस ३०६मध्ये इथेच वारला आणि सैन्याने त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन याला इथेच सम्राट म्हणून घोषित केले. परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो मार्कस ऑरेलियस लुनारिस. हा एबोराकुम आणि लिंडुम, म्हणजे आजचे लिंकन, या दोन्ही वसाहतींत सम्राटपूजेच्या मंडळाचा सदस्य होता. एबोराकुमहून निघताना त्याने नवस बोलला होता, आणि २३७मध्ये आजच्या फ्रान्समधील बोर्डो इथे सुखरूप पोहोचल्यावर त्याने तिथल्या बुदिगा देवीसमोर वेदी उभारून तो फेडला. ती वेदी १९२१मध्ये बोर्डोत सापडली. तिचा दगड यॉर्कशायरकडचा आहे. नवस फेडायला माणूस आपल्याकडचा दगड समुद्रापार घेऊन गेला, आणि त्यावर ‘एबोराकुमहून निघालो’ असे कोरून ठेवले. पुढे ३१४मध्ये आर्ल येथील धर्मसभेला या शहराचा बिशप हजर होता, त्याचे नाव एबोरियस. गावाचे नाव आता माणसाच्या नावात उतरले होते.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली आणि समुद्रापलीकडून अँगल्स लोक आले. इथे नावाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वळण येते, आणि ते घडले कसे हे भाषाशास्त्राने फार सुरेख उलगडले आहे. मधल्या काळात स्थानिक ब्रिटनांच्या भाषेत दोन स्वरांमधल्या ‘ब’चा ‘व्ह’ होऊ लागला होता. लॅटिन लेखनात एबोराकुम तसेच राहिले, पण बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचे साधारण ‘एव्होरोग’ झाले होते. अँगल्सनी नाव कागदावरून घेतले नाही, कानाने घेतले. आणि त्यांच्या भाषेत त्याच्याशी मिळताजुळता एक शब्द होता, ‘एओव्होर’, म्हणजे रानडुक्कर. शेवटच्या अक्षरांच्या जागी त्यांनी आपला ‘विक’ बसवला. हा शब्द त्यांच्याकडे लॅटिनमधून आलेला, वस्ती किंवा व्यापारी पेठ या अर्थाचा. अशा रीतीने यूच्या झाडांची जागा ‘एओफोरविक’, रानडुकरांची पेठ, झाली. लिहिताना ‘फ’, बोलताना ‘व्ह’.

यात काही बिघडले असे मला वाटत नाही. रानडुक्कर हा त्या लोकांसाठी पराक्रमाचा प्राणी होता. डर्बीशायरमधील बेंटी ग्रेंज इथे १८४८मध्ये सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राणाच्या माथ्यावर रानडुकराची मूर्ती बसवलेली आहे. असे नाव गावाला मिळणे त्यांना शोभणारेच वाटले असणार. पेठ तर खरोखरच होती. १९८५-८६मध्ये फिशरगेट भागात झालेल्या उत्खननात, जुन्या रोमन तटाबाहेर, दोन नद्यांच्या संगमाजवळ, या व्यापारी वस्तीचे अवशेष सापडले. नावाचा पूर्वार्ध कानाच्या गैरसमजातून आला, उत्तरार्ध डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीतून. शिकलेली मंडळी या काळातही लॅटिन रूपच लिहीत राहिली. ६२७च्या ईस्टरला राजा एडविनने इथल्या लाकडी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, हे सांगणारा आठव्या शतकातला इतिहासकार बीड एबुराकुमच म्हणतो. तेव्हा एकाच शहराला दोन नावे होती, एक पोथीतले आणि एक रस्त्यावरचे.

१ नोव्हेंबर ८६६ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, डेन लोकांची मोठी सेना शहरात शिरली, आणि पुढे शतकभर, मधल्या काही खंडांसह, इथे व्हायकिंग राजे राहिले. त्यांनी एओफोरविक ऐकले आणि त्याचे ‘योरविक’ केले. नॉर्समध्ये ‘योर’ म्हणजे घोडा आणि ‘विक’ म्हणजे खाडी. घोड्यांची खाडी असा अर्थ काही ठिकाणी छापलेला आढळतो. समुद्र तिथून लांब आहे, तेव्हा नॉर्स लोकांना त्यात खाडी दिसत होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी बहुधा अर्थाची वाट पाहिलीच नाही, ओळखीचे आवाज मिळाले एवढे त्यांना पुरले. जुन्या इंग्रजीतील स्वरांची सुरुवात आता ‘य’ने होऊ लागली आणि मधला ‘व्ह’ गळाला. आजच्या नावाचे पहिले अक्षर ते हे. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेट रस्त्यावर झालेल्या उत्खननात या शहराची घरे, कुंपणे, चामड्याचे जोडे, लाकडी वाट्या असे सारे ओल्या मातीत टिकून राहिलेले निघाले. कॉपरगेट हे नावही नॉर्सच: वाट्या-पेले घडवणाऱ्या कातारींची आळी. उत्खननात कातकामाचे तुकडे ढिगांनी मिळाले, आणि रस्त्याच्या नावाने हजार वर्षे सांगत आणलेली गोष्ट जमिनीनेही सांगितली. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता आणि वेशीला म्हणतात ‘बार’. नव्या माणसाचा यात हमखास घोटाळा होतो.

पण याच व्हायकिंग राजांच्या टाकसाळीने पाडलेली नाणी पाहिली म्हणजे चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. १८४०मध्ये प्रेस्टनजवळ, रिबल नदीच्या काठी, कुअरडेल इथे बांध दुरुस्त करणाऱ्या मजुरांना शिशाच्या पेटीत चांदीचा प्रचंड साठा मिळाला. त्यात क्नुट या राजाच्या चांदीच्या पेनी होत्या, दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या. एका बाजूला क्रूस, आणि राजाच्या नावाची अक्षरे ओळीने नव्हे, तर क्रूसाच्या टोकांवर मांडलेली. छातीवर क्रूसाची खूण करताना हात ज्या क्रमाने फिरतो त्या क्रमाने वाचायची. दुसऱ्या बाजूला कडेने कोरले आहे ‘एब्राइके किविटास’, म्हणजे एबोराकुम शहर. घरात योरविक म्हणणाऱ्या राजाने चांदीवर लॅटिन नाव घातले, कारण नाण्याला वजन होते ते जुन्या नावाचे आणि चर्चच्या भाषेचे. नव्या आलेल्या सत्तेला जुने नाव उपयोगी पडते हे रोमनांच्या वेळी दिसले होते. इथे ते दुसऱ्यांदा दिसते.

पुढे फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांच्या काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. १०८६च्या डूम्सडे या जमिनींच्या नोंदणीत लॅटिन एबोराकुमच्या जोडीला ‘एउरुइक’ असे रूप येते, फ्रेंच लिहिणारे एव्हरविक लिहितात, आणि लोकांच्या तोंडी नॉर्स रूप झिजत झिजत तेराव्या शतकापासून आजच्या यॉर्कसारखे दिसू लागते. शेवटचा ‘विक’ कुणी ठरवून काढला नाही. घाईने बोलणाऱ्या पिढ्यांनी तो गिळला.

याच मध्ययुगात नावाचा अर्थ शोधण्याची एक निराळी तऱ्हा निघाली. वेल्समधील मॉनमथ गावचा लेखक जेफ्री याने ११३६च्या सुमारास लिहिले की या शहराची स्थापना एब्राउकस नावाच्या राजाने केली, तीही जुन्या करारातल्या दाविदाच्या काळात. या राजाला वीस बायका, वीस मुलगे आणि तीस मुली होत्या. राजा पूर्णपणे कल्पित, शहराच्या नावावरून घडवलेला. परंतु शहराने त्याला मनापासून स्वीकारले आणि गरज पडली तेव्हा त्याच्याकडून काम करून घेतले. ती गरज साडेतीनशे वर्षांनी आली. तिसरा रिचर्ड यॉर्क घराण्याचा राजा, आणि त्याचे चिन्ह पांढरे रानडुक्कर. १४८३मध्ये यॉर्कमध्ये आपल्या मुलाला प्रिन्स ऑफ वेल्स केले तेव्हा त्याने या चिन्हाचे १३,००० कापडी बिल्ले मागवले होते. ‘एबोर’ या लॅटिन रूपाशी ‘बोर’, म्हणजे रानडुक्कर, या इंग्रजी शब्दाची कोटी साधून हे चिन्ह घेतले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. तसे असेल तर जुन्या इंग्रजांनी ऐकलेले रानडुक्कर पुन्हा शहरात आले. १४८५च्या ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, आणि यॉर्कच्या नगरमंडळाने आपल्या दप्तरात नोंद केली की त्याचा करुण रीतीने वध झाला, आणि त्याचे या शहराला अतिशय दु:ख आहे. जिंकलेला सातवा हेन्री पुढच्याच वर्षी शहरात आला. त्याच्या स्वागताच्या देखाव्यात नगराने पुढे केला तो हाच राजा एब्राउकस. रिचर्डविषयी एवढे लिहून बसलेल्या शहराला, नव्या राजासमोर उभे करायला कोणत्याही पक्षाचा नसलेला एक पूर्वज हवा होता, आणि तो त्यांना आपल्या नावातच मिळाला. नगरमंडळातल्या त्या माणसांची भीती आणि त्यांचे चातुर्य, दोन्ही मला त्या एका देखाव्यात दिसतात.

नावाने समुद्र ओलांडला तो दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात. १६६४मध्ये इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲमस्टरडॅम घेतले आणि राजाचा भाऊ जेम्स हा ड्यूक ऑफ यॉर्क असल्याने त्या बंदराचे न्यूयॉर्क झाले. १६७३मध्ये डचांनी ते परत घेऊन न्यू ऑरेंज असे नाव दिले, परंतु पुढच्याच वर्षी बंदर इंग्रजांकडे गेले आणि न्यूयॉर्क हेच नाव कायम झाले. याच राजाला लग्नात आंदण मिळालेले मुंबई बेट १६६८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. मुंबई आपल्या देवीच्या नावासह टिकून आहे आणि न्यूयॉर्क ते ज्याला मिळाले, त्याच्या पदवीतील शहराचे नाव घेऊन. त्या पदवीधारकाने हडसन नदीचा किनारा कधी पाहिला नाही.

यॉर्कचे आर्चबिशप आजही सही करताना नावापुढे ‘एबोर’ असे लिहितात. लॅटिन विशेषणाचा तेवढाच तुकडा. शहरातली घोड्यांची एक प्रसिद्ध शर्यतही १८४३पासून त्याच नावाने चालते. आणि वेल्समध्ये, जिथे त्या जुन्या ब्रिटनांच्या भाषेची थेट वारसदार अजून बोलली जाते, यॉर्कला एव्ह्रोग म्हणतात. हे नाव इंग्रजीतून गेलेले नाही. ते एबुराकोनपासून मधल्या कुणाच्याही तोंडून न जाता सरळ उतरलेले आहे. न्यूयॉर्कला वेल्शमध्ये म्हणतात एव्ह्रोग नेविद, नवे एव्ह्रोग. वेल्श बातम्यांत मॅनहॅटनमधील घडामोड सांगताना निवेदक रोमनांच्याही आधीचा शब्द उच्चारतो. मात्र त्या शब्दाच्या मुळातून वेल्शमध्ये उरलेला ‘एव्हुर’ आता यूला म्हणत नाहीत. बांधावर माजणाऱ्या, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या हॉगवीड या रानवनस्पतीला म्हणतात.